उमरीची रवानगी

देवीलाल राठोड बैठकीत मागच्या भिंतीला टेकून उभा होता. खुर्च्या सहाच, आणि त्यातल्या एकीवर साहेबांच्या फायली बसलेल्या. सकाळपासून त्याची कंबर ठणकत होती. तीस वर्षं या झूमध्ये वाघ-बिबट्यांचं खाणंपिणं, हागणंमुतणं काढल्यावर कंबर ठणकणार नाही तर काय करणार!

साहेब म्हणजे वामनराव, झूचे प्रमुख. माणूस तसा वाईट नाही, पण आराखडा म्हटला की त्यांच्या अंगात येतं. पुढच्या पाच वर्षांत कोणती मोठी जनावरं ठेवायची, किती, आणि कुठं, ते वर लिहून पाठवायचं होतं. नियम असा, की जेवढ्यांना नीट जागा देता येईल तेवढीच ठेवा. झूत मोठी आवारं दोन आणि जनावरं सात. वाघाची जोडी राहणार, त्यात दुमत नव्हतं. दुसऱ्या आवारात पाच बिबटे होते. ते आवार पाडून तिथं सिंहाचं घर बांधायचं होतं, कारण केळापूरच्या देवीला आलेली माणसं फाटकावर पहिलं तेच विचारतात, सिंह हाय का म्हणून.

"बिबट तर लोक आपल्या तुरीत फुकट पाहून राह्यले," वामनराव म्हणाले. "तिकीट काढून कोण पाह्यल?"

सगळे हसले. देवीलालला हसू आलं नाही. पाचही बिबटे अमरावतीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला झालेल्या नव्या केंद्रात जाणार, असं ठरलं. फक्त एक ओळ त्यानं कान देऊन ऐकली. ज्या जनावराला प्रवास झेपणार नाही असं डॉक्टर लिहून देतील, ते इथंच ठेवायचं.

झालं. तेवढ्या ओळीवर त्याचा जीव अडकला.

पाचांतली सगळ्यांत म्हातारी मादी म्हणजे उमरी. उमरखेडकडं ऊसतोडीत सापडली, म्हणून उमरी. आली तेव्हा मूठभर होती आणि देवीलालनं तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. आता सतरा वर्षांची. एक डोळा गेलेला, दात पडलेले, आणि देवीलालखेरीज कुणाच्या हातचं धड खाणार नाही अशी खोड. त्याला निवृत्तीला दीड वर्ष होतं. तेवढं तरी हिला माझ्यासमोर राहू द्या, यापलीकडं त्याचं मागणं नव्हतं.

तपासणीला सोमवार मुक्रर झाला. सोमवारी झू बंद, आणि त्याच दिवशी मांसाहारी जनावरांना उपास. महादेवाचा नव्हे, सरकारचा उपास. पोटाला आराम म्हणून आठवड्यातून एकदा काही द्यायचं नाही, असा कायदाच आहे. पण उमरीला रिकाम्या पोटी उलट्या व्हायच्या. म्हणून तीन वर्षांपासून देवीलाल दर सोमवारी सकाळी कुणाला न सांगता तिला कुटलेलं कोंबडीचं मांस घालत आला होता.

त्या सोमवारी त्यानं डोकं चालवलं. आज हिला काहीच द्यायचं नाही. उपाशी राहिली की आणखी मरतुकडी दिसेल, मान टाकून पडेल, आणि डॉक्टरीणबाई लिहून देतील की ही काही गाडीत बसायची नाही. फार हुशार समजत होता बिचारा स्वतःला.

अकरा वाजता वामनराव आणि डॉक्टर निशिगंधा मॅडम आवाराशी आले. देवीलाल मागून चालत आला. आणि त्याच्या पावलांचा आवाज कानी पडताच ती सतरा वर्षांची म्हातारी ताडकन उठली. सोमवार होता ना! रोजची वेळ टळून गेली होती आणि देणारा समोर दिसत होता. जाळीला पुढचे दोन्ही पंजे लावून ती उभी राहिली, करवत चालावी तशी घशातून ओरडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चार येरझाऱ्या घातल्या, पुन्हा उभी राहिली.

"हे म्हातारं?" वामनराव म्हणाले. "माह्यापेक्षा टुणटुणीत हाय."

निशिगंधा मॅडमनी बराच वेळ पाहिलं, मग कागदावर लिहिलं. प्रवासास योग्य. देवीलालला वाटलं, आपलंच थोबाड फोडून घ्यावं.

त्या रात्री तांड्यावर, घरी, बायकोनं, धनीबाईनं, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत त्याची खरडपट्टी काढली. पोरीला, रंजिताला, वणीला सासरी धाडली तेव्हा तर डोळ्याला पाणी नव्हतं, आणि आता एका जनावरापायी भाकर टाकून उठतो, म्हणे. चूक त्याची होती, आणि ती सांगायची तर तीन वर्षांची चोरीही सांगावी लागणार होती.

सकाळी त्यानं सांगून टाकलं. दवाखान्याच्या ओट्यावर मॅडम हात धूत होत्या. वणीच्याच त्या, मुलखाच्या माणसाशी मुलखाचं बोलायच्या. सोमवारचं मांस, कालचा उपास, सगळं त्यानं एका दमात ओकलं आणि म्हणाला की ती उड्या मारत होती ते भुकेनं, तिच्यात तसा काही दम नाही, कागद बदला.

"मले माहीत हाय, देवीलालभाऊ," त्या म्हणाल्या. "मंगळवारी तिची विष्ठा मीच तपासतो ना. तीन वर्षांपासून माहीत हाय."

"मंग काहून लिहिलं तसं?"

त्यांनी त्याला आत नेऊन आराखड्याचा नकाशा दाखवला. बिबट्यांचं आवार पाडल्यावर जे जनावर इथं उरेल ते कुठं राहणार? तर मागच्या बाजूला, आजारी जनावरांच्या कोठडीत. दहा बाय दहा, खाली फरशी, वर पत्रा. सिंहाचं घर उभं राहायला दोन वर्षं, आणि तोवर शेजारी मशिनी धडधडणार. इथंच ठेवावे असं साहेबांनी लिहिलं होतं खरं. कसं, ते कुणी विचारलंच नव्हतं. देवीलालनंही नाही.

"तिकडं माती हाय, झाड हाय, ऊन हाय," मॅडम म्हणाल्या. "पण ह्या वयात भूल देता येत नाही. तिची तिनं पेटीत जायाले पाहिजे, अन् ती फक्त तुमचं ऐकते. तुम्ही नाही म्हटलं तर मी आजच कागद बदलतो. थे इथंच राह्यल."

तो कोठडीपाशी जाऊन आला. उगाच. ती कोठडी त्यानंच वर्षानुवर्षं धुतली होती. भर दुपारीही आत दिवा लावावा लागतो हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. कितीतरी वेळ तो दारात बसून राहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मग उठला आणि पेटी आणायला सांगितली.

बारा दिवस लागले. पहिल्या दिवशी लाकडी पेटी पिंजऱ्याच्या दाराला भिडवून ठेवली आणि खाणं उंबऱ्यावर. मग एक हात आत. मग पार टोकाला. देवीलाल पलीकडच्या बाजूला, जाळीशी बसून तिच्याशी बोलत राहायचा. काय वाट्टेल ते. कापसाचा भाव, कंबर, धनीबाईचं बोलणं. ती आत येऊन खाऊ लागल्यावर त्यानं वरून सरकतं दार पाडायला सुरुवात केली. पहिल्यांदा ती दचकली, भिंतीला धडकली. तो म्हणाला, मी हाय ना वो माय, आणि लगेच दार उचललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडलं, पुन्हा उचललं. दहाव्या दिवसापर्यंत दार पडलं तरी ती मान वर करेनाशी झाली. खाणं संपवायची, पंजे चाटायची, आणि तो दार उचलेपर्यंत निवांत पडून राहायची.

तेराव्या दिवशी सकाळी गाडी येऊन उभी राहिली. वामनराव आले, मॅडम आल्या. देवीलालनं सगळ्यांना लांब उभं राहायला सांगितलं आणि एकदाच हाक मारली. उमरी बाहेरच्या माणसांकडं न पाहता सरळ पेटीत शिरली. त्यानं दार सोडलं. माणसांनी दोन्ही बाजूंनी खिळे ठोकले, पेटी उचलली, गाडीत चढवली. तो फळीच्या फटीला डोळा लावून चार पावलं गाडीबरोबर चालला. आत उमरीनं खाणं संपवलं होतं. पंजे चाटून झाले होते, आणि त्याच्या वासाकडं तोंड करून, तो दार उचलेल म्हणून ती निवांत पडली होती.