शेजारची बाजू

बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर मूर्ख म्हणता येत नाही, म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो. दाजींकडे पन्नास वर्षांपूर्वीची एक गाडी आहे. दर रविवारी ते ती मऊ फडक्यानं पुसतात, दात घासायच्या ब्रशनं चाकांच्या खाचा साफ करतात आणि कुणी बघायला थांबलं की पोट आत ओढून बोलायला लागतात. गाडीत सगळं ओरिजिनल आहे, हे त्यांचं पालुपद. अक्कल तेवढी उसनी, तीही मोबाइलवरून आणलेली.

ही ओरिजिनल गाडी त्यांना जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला न्यायची होती. दोन दिवसांचा प्रवास, शेजारी माझी ताई. निघण्याआधी गाडी तपासून घ्यावी लागते. मेळाव्याच्या तपासनिसानं खाली वाकून तळाला स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. दाजींचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आपला मेहुणा पत्र्याचं काम करतो.

गॅरेजमध्ये आल्या आल्या त्यांनी मलाच शिकवायला घेतलं. वरून एक पट्टी मारायची, काळा रंग फासायचा, अर्ध्या तासाचं काम. मी हो ला हो केलं, त्यांना खुर्ची दिली, आणि पुढच्या सीटा काढून गालिचा उचलला.

चालकाच्या बाजूचा तळ बघून मी चाट पडलो. जाड, नवाकोरा पत्रा, आणि सांधा असा की बोट फिरवूनही लागत नव्हता. शेजारच्या बाजूला गालिच्याखाली प्लायवूड निघालं. प्लायवूडखाली डांबर, आणि डांबराखाली पत्रा म्हणायचा तो नुसता भुगा. चिमटीत धरला तर चिमटीतच राहिला, आणि भोकातून गॅरेजची फरशी दिसायला लागली. दाराखालच्या उंबऱ्यावर कुणीतरी पिवळ्या रंगानं कापायची रेघ आखली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘ही नंतर’.

आमच्या कामात दोन्ही बाजू एकदम कापत नाहीत. कापल्या तर सांगाडा खचतो आणि दारं लागेनाशी होतात. एक बाजू कापायची, नवा पत्रा जोडायचा, मगच दुसरीला हात लावायचा. त्या कारागिरानं रीतसर एक बाजू केली होती, दुसरी आखली होती, आणि मग गाडीची वाट बघत बसला असणार.

हे कधी केलं, असं मी विचारलं. आठ वर्षं झाली, म्हणाले. मग दुसरी बाजू का नाही केली?

“राहून गेलं रे,” दाजी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. “चालवणाऱ्याचा पाय भक्कम हवा. ती काय, नुसती बसते.”

मी ग्राइंडर चालू केला. तोंड चालू केलं असतं तर ताईचं माहेर तुटलं असतं.

दाराच्या चौकटीला आडवा पाइप टेकू म्हणून जोडला आणि त्या पिवळ्या रेघेवरूनच पत्रा कापला. साफसफाई करताना डॅशबोर्डखालच्या आडव्या पट्टीकडे लक्ष गेलं. सगळीकडे गंज, पण पट्टीवर दोन जागा लख्ख चकाकत होत्या. टाचेएवढ्या. मी सीटच्या जागी डबा ठेवून बसलो आणि तिथे टाचा टेकवून पाहिल्या. गुडघे छातीला लागले.

ताई अशीच बसायची. मागच्या सीटवरून मी कितीदा बघितलं होतं, आणि वर चिडवलंही होतं, ‘बघा, महाराणी कशा ऐटीत बसल्यात.’ जगाच्या गाड्या ठोकून बघणारा मी, घरच्या गाडीचा गालिचा आठ वर्षांत उचलला नाही. दाजींना नावं ठेवायची तर त्यांच्या शेजारी मलाही उभं करायला हवं.

चौथ्या दिवशी नवा तळ जोडून सीटा परत बसवल्या, आणि मेळाव्याला निघायला ताई बॅग घेऊन थेट गॅरेजमध्ये आली. दाजी आरशात बघून नवी टोपी तिरकी करत होते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तुला माहीत होतं?

“रस्त्यावरचं पाणी पायावर यायचं रे,” ती म्हणाली. “सांगितलं होतं यांना. मग ती फळी टाकली.”

ती गाडीत बसली. बसताक्षणी टाचा आपोआप पट्टीवर गेल्या. मी वाकून नव्या तळावर हातोडीनं दोनदा ठोकलं, खणखणीत वाजला. पाय खाली ठेव, म्हटलं. तिनं एक पाय ठेवला, जरा थांबून दुसरा. थोडा वेळ पायांकडे बघत राहिली. मग दार उघडून उतरली आणि बॅगही काढून घेतली.

“अहो, तुम्ही या जाऊन,” ती दाजींना म्हणाली. “मी नाही येत.”

“आता काय झालं? आता तर नवा पत्रा आहे.”

“हो. बघितला मी.”

ती माझ्या खुर्चीत येऊन बसली, चपला काढल्या आणि दोन्ही तळवे गार फरशीवर सपाट टेकवले. दाजींनी हॉर्न वाजवला. तोही ओरिजिनल आहे. त्यांनी परत वाजवला, मग बराच वेळ दाबून धरला. ताई उठली नाही.