आवाज येतोय का, अप्पा?

तामलवाडीच्या फाट्यावर एसटीतून उतरताना राजेश्वरीचं सगळं ठरलेलं होतं.

नाही. काहीच ठरलेलं नव्हतं. तिला फक्त एक कारण हवं होतं.

लष्करात, सिग्नल्समध्ये मेजर. दहा वर्षं भरत आलेली. आणखी चार वर्षं राहणार की बाहेर पडणार, हे कर्नलसाहेबांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. राहायचं म्हटलं की तिचे खांदे आपोआप पडायचे. नको म्हणावं, तर का नको? घरी सगळं ठीक होतं. वडील ठणठणीत. दर रविवारी फोनवर ते स्वतःच सांगायचे.

•

फोन असा:

— आवाज येतोय का, अप्पा?

— येतोय, येतोय. एकदम क्लिअर.

— जेवलात?

— औंदा सोयाबीन बरं हाय.

— गुडघा काय म्हणतोय?

— दिग्विजयनं नवी मोटार बसवली. लई पानी काढतीय. मी ठणठणीत हाय. ठेवू का?

लाइन लागली की आधी आवाज तपासायचा, ही तिची हाडात मुरलेली सवय. येतोय म्हटलं की लाइन चांगली. लाइन चांगली म्हणजे काम झालं. अप्पा हल्ली बोलके झालेत, एवढंच तिला वाटायचं.

•

कामाबद्दल थोडं, कारण विचारणारे फार नसतात.

लेह, तेजपूर, भटिंडा. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं. पोचलं, तर सिग्नलवाले कुणाला आठवत नाहीत. अडलं, की सगळ्यांना एकदम आठवतात. बर्फात तुटलेली केबल जोडायला माणसं पाठवायची आणि ती परत येईस्तोवर रिसीव्हर कानाला लावून बसायचं. सुरुवातीला हे सगळं ती धावत करायची.

त्याआधी तर खरोखरच धावायची. तुळजापूरच्या कॉलेजची, मग विद्यापीठाची खो-खोपटू. ज्ञानोबा म्हणजे तिचे अप्पा, प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला. "अगं खो दे, खो!" एवढ्या मोठ्यानं, की पंचांनी एकदा त्यांनाच बाहेर काढलं होतं.

•

अप्पा ओट्यावर पाठमोरे बसून तूर निवडत होते.

"अप्पा."

सुपाचा आवाज.

"अप्पा! आले मी."

सूप चालूच. मग तिनं जवळ जाऊन पाठीवर थाप मारली आणि म्हातारा ताडकन उभा राहिला. तूर ओटाभर.

"आगं! कवा आलीस? कळवायचं तरी."

"रविवारी फोनवर सांगितलं की."

"व्हय, व्हय," अप्पा म्हणाले आणि तिच्या ओठांकडे बघत राहिले.

आतून वहिनी आली. हर्षाली, भाऊ दिग्विजयची बायको. तिनं एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, आणि पदरानं तोंड पुसलं.

"वन्सं, आता बघितलंच तुमी, तर सांगते. दोन वर्सं झाली. उजवा कान पार गेलाय, डाव्यात जवळून ओरडलं तर थोडं. कानाचं मशीन आणलं, तर म्हणले डोक्यात गिरणी चालतीय. तुमाला सांगू नको म्हणून आईभवानीची शपथ घातली मला."

"आणि फोनवर?"

"फोनवर काय! तुमचं नाव दिसलं की उचलायचं आन् क्लिअर म्हणायचं. तुमचा पहिला सवाल त्येंना पाठ हाय."

राजेश्वरी ओट्यावर बसली. दोन वर्षं घरी न येता ती बंद लाइनवर बोलत होती. तीसुद्धा सिग्नल्सची. हसावं की काय, कळेना.

आणि त्याच वेळी, लाज वाटावी असं काहीतरी आत सैल झालं. कारण मिळालं होतं.

•

ती अप्पांच्या डाव्या बाजूला सरकली.

"मी नोकरी सोडते. तुमच्याजवळ राहते."

"का?"

तिनं आपल्या कानाला बोट लावून दाखवलं.

अप्पा भडकले. "ह्याच्यासाठी? आगं, मग दोन वर्सं म्या कशाला क्लिअर क्लिअर करत बसलो? माजी भाकर ही थापती, दिग्या हाय. माजं काय अडलंय? माज्या कानाचं निमित्त करू नगंस."

"निमित्त नाही, अप्पा."

"मग काय हाय ते सांग."

ती हळू काहीतरी म्हणाली.

"आं?"

"दमले."

"मोठ्यानं बोल!"

"मी दमलेय, अप्पा! दमलेय मी!"

समोरच्या घराचं दार उघडलं. शेजारचा सोमलिंग अर्धी दाढी केलेला बाहेर आला. "कोन दमलं?"

"वन्सं दमल्या, काका," हर्षाली म्हणाली. "जावा, साबन वाळतंय."

एवढ्या मोठ्यानं राजेश्वरीनं हे कधीच म्हटलं नव्हतं. हळूसुद्धा नव्हतं. तिचा गळा खरवडून निघाला होता.

 अप्पा खाली वाकून तूर गोळा करू लागले.

"दमली तर ये की," ते म्हणाले. "त्येला काय कारन लागतंय?"

•

रेंज ओट्याच्या कोपऱ्यातच होती. कर्नलसाहेबांनी दुसऱ्या रिंगला उचललं.

"नको, सर. पुढची चार वर्षं नकोत."

"घरची काही अडचण?"

ओट्यावर अप्पा दाण्यांतून खडे वेचत होते. या फोनमधला एक शब्दही त्यांना कळत नव्हता. आत्ता म्हटलं असतं, वडील आजारी आहेत, तर पुढचा प्रश्नच आला नसता.

"नाही, सर," ती म्हणाली. "घरची काही अडचण नाही. मी दमलेय."