चुन्यावरची कोळशाची अक्षरे

मित्रांनो, हेमकांतचे लग्न झाले त्या वर्षी मी या घरात आलो. मी एक जुना फळा आहे. पण जन्मतः मी दार होतो, तापीकाठच्या या शेतकऱ्याच्या, हेमकांतच्या, कापसाच्या खोलीचे दार. सुपडू मिस्तरीने मला सागाच्या फळ्यांतून घडवले. हेमकांतची आई दगूबाई मजुरांनी आणलेल्या प्रत्येक गाठोड्यामागे माझ्यावर कोळशाची एक रेघ ओढायची. तिला अक्षर येत नव्हते, पण तिची रेघ कधी चुकली नाही. “दार असावे तर असे,” लोक म्हणायचे.

पुढे खोलीला लोखंडी शटर बसले. मला गोठ्यामागे टाकले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या.

मला तिथून काढले हेमकांतच्या मुलीने, रोहिणीने. ती शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत होती. तिने मला धुतले, काळा रंग दिला, ओट्यावर भिंतीला टेकवून उभे केले आणि शिकवण्याचा सराव सुरू केला. समोर विद्यार्थी एकच, दगूबाई.

“धीरे चाल व पोरी! तू शिकाडी ऱ्हायनी का बैल हाकी ऱ्हायनी?” म्हातारी हसायची. रोहिणी चिडायची.

मग शाळेतला तिचा पहिला पाठ बिघडला. मुले गप्प बसून राहिली. दुसराही बिघडला तर वर्ष वाया जाणार होते. ती माझ्याशेजारी बसून रडली. “मोठी माय, माले जमाव नही. मी सोडी देस.”

दगूबाई म्हणाली, “कापूस येचाले नवी बाई येस, तव्हय मी बांधवर उभी राही सांगत नही. तिले मन्हा वळमा लेस, तिन्हासंगे येचस. तू फळाजोडे उभी ऱ्हास, पोरे तठे बठतस. तठे जाय.” वळ म्हणजे वेचणीची ओळ.

त्या दिवसापासून रोहिणी आजीच्या शेजारी मांडी घालून बसू लागली. केळी, कापूस, कणीस. दोघी एकेक अक्षर सोबत गिरवायच्या.

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. कानबाई बसण्याआधी घर पांढरे करायची रीत. दगूबाईने वर्षानुवर्षांच्या सवयीने भिंतीबरोबर मलाही चुना फासला. माझ्यावर रोहिणीचा दुसरा पाठ मांडलेला होता.

“हाई काय करं व मोठी माय! मन्हा पाठ पुसाई गया!”

“उगी राय. मन्हा ध्यानमा शे.”

म्हातारीने चुलीतला कोळसा आणला. चुना वाळल्यावर वाकून लिहू लागली. केळी. कापूस. कणीस. अक्षरे तिरकी होती, पण एकही चुकले नव्हते. जिथे रेघा ओढल्या, तिथेच आता ती शब्द लिहीत होती. रोहिणी बघतच राहिली. मग डोळे पुसून हसली. आपल्याला शिकवता येते, हे तिला तिथे कळले.

दुसऱ्या पाठाला ती मुलांमध्ये जाऊन बसली. घरी पळतच आली. “पोरे इतला बोलनात, का चूप कराले लागनं! मोठी माय, मी मास्तरीण व्हसू तरी कोणना तरी वळमा शिकतच राहसू.”

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी फळी पडली असेल तर चुलीत घालू नका. घरात कुणाचे शिकायचे राहून गेले असेल, तर ती त्याच्यापुढे उभी करा आणि त्याच्या शेजारी बसा. माझ्यावरचा चुना, त्यावरच्या दगूबाईच्या अक्षरांसकट, अजून कोणी खरवडलेला नाही.

दगूबाई यंदा पौषात, संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारली.