आफ्रिकेचं स्थळ

माणसाला इंग्रजी येऊ नये, आणि आलंच तर गावाला कळू देऊ नये. मी मूळचा मेढ्याचा. मॅट्रिक होऊन कडेगावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी तार वाचून दाखवली. तिथं माझं चुकलं. त्या दिवसापासून गावात इंग्रजी अक्षराचा कागद आला की तो माझ्या जेवणाच्या वेळेला माझ्या दारात यायचा. एकोणपन्नास सालच्या मे महिन्यात तर मला सुट्टीला घरीसुद्धा जाऊ दिलं नाही. धरून साताऱ्याला नेलं.

प्रकरण असं होतं. आफ्रिकेत एका गुजराती शेठचे उसाचे मळे होते आणि त्याला गुळव्या हवा होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीपाशी, म्हणजे रसाच्या भल्यामोठ्या कढईपाशी उभा राहून उकळत्या रसाचा गूळ नेमका कधी झाला हे सांगणारा माणूस. पाक जरा पुढं गेला की करपतो, जरा मागं राहिला की ढेप बसत नाही. आमच्या भागात ज्ञानूसारखा गुळव्या नव्हता. पण त्याची सगळी हुशारी दुसऱ्याच्या काहिलीवर खर्ची पडायची. तीन वर्षं आफ्रिकेत राबायचं, परत यायचं आणि स्वतःचं गुऱ्हाळ घालायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं होतं. बायको बनुबाईही तयार होती. "लष्करातली माणसं सा-सा वर्सं जात्यात, तीन वर्सांचं काय एवढं?" असं ती म्हणायची.

शेठचं पत्र आलं होतं, पासपोर्ट झाला होता. राहिला होता तो तिथं काम करायचा परवाना. तिथं अजून इंग्रजांचं राज्य, म्हणून तो देणार इंग्रजांच्या वकिलातीतला साहेब. हा साहेब उन्हाळ्याचा महाबळेश्वरला आला होता आणि परत जाताना दोन दिवस साताऱ्याच्या डाकबंगल्यात बसून आपल्या भागातल्या लोकांच्या मुलाखती घेणार होता. मुंबईला जायचं वाचलं, वकिलातच साताऱ्याला आली, म्हणून सगळे खूश झाले. मग सयाजी आबा मधे पडले.

आबा म्हणजे ज्ञानूचे चुलते. ज्ञानू पाच वर्षांचा असताना त्याचे आईबाप प्लेगात गेले, तेव्हापासून आबांनीच त्याला वाढवला. आबांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्यांचा धंदा म्हणाल तर लग्नं जुळवायचा. चाळीस वर्षांत शंभरावर लग्नं जुळवली, आणि नेहमी मुलाकडूनच बोलले. आबांच्या तोंडून एका बैलाचे चार बैल व्हायचे आणि पडक्या छपराचं माडीचं घर व्हायचं. मी एकदा म्हटलं, "आबा, हे खोटं नाही का?" तर म्हणाले, "खोटं कसं? पोरीचा बाप निम्मं वजा करूनच ऐकतो की. आपण निम्मंच सांगितलं तर त्याच्या हातात काय राहील?"

मुलाखत म्हणजे बघायचाच कार्यक्रम, असं आबांनी ठरवून टाकलं. सायबानं बघायचं, आपण दाखवायचं. पंधरा दिवस तयारी चालली. सुभेदार लालासाहेबांचा पितळी बटणांचा लष्करी कोट आला. भाऊसो पाटलांची सोन्याची अंगठी आली. माझं मनगटी घड्याळ मला न विचारता गेलं. एकच अडचण होती, ती ज्ञानूचे हात. वर्षानुवर्षं उकळता पाक बोटांनी तपासून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजून पांढरी पडली होती, कातडी घट्ट झाली होती. "ह्यो डाग झाकाया पायजे," आबा म्हणाले, आणि सुभेदारांचे परेडचे पांढरे हातमोजे घेऊन आले. अंगठी दिसली पाहिजे म्हणून ती मोज्यावरून घातली. मे महिन्यात हातमोजे घालून निघालेला गुळव्या मी दुसरा पाहिला नाही.

आमच्याबरोबर मोहिद्दीन होता. काहिली सांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून शेठनं त्यालाही बोलावलं होतं. त्याच्या तयारीला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नव्हती. आई रहिमतबीनं त्याला एवढंच सांगितलं होतं, "इचारतील तेवढंच बोल, आनि नाक पूस."

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही चौघे बाकावर बसलो. पहिलं नाव मोहिद्दीनचं. मी दुभाष्या म्हणून आत गेलो. दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नाही आणि समोरचं काही गिळायचं नाही, हे माझं तत्त्व. साहेब मध्यम वयाचा, टकला, कामात चोख होता. त्यानं विचारलं, "काय करतोस?" मोहिद्दीन म्हणाला, "भोकं बुजवतो." "किती वर्षं?" "बारा." साहेबानं हात पुढं करायला सांगितले, तळव्यांवरचे घट्टे बघितले आणि शिक्का मारला. पाच मिनिटं लागली नाहीत.

बाहेर येऊन मोहिद्दीननं आबांना सगळं सांगितलं. "आबा, कायसुदिक अवघड न्हाई. त्याला राबनारा मानूस पायजे. हात बगतोय, बास."

"आसं व्हय," आबा म्हणाले. मला वाटलं, आता ते हातमोजे काढायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही.

ज्ञानूचं नाव पुकारलं तसे आबाही उठले. वडीलधारा माणूस बरोबर येतो, अशी आमच्याकडची रीत असल्याचं मी साहेबाला सांगितलं. त्यानं खुर्ची दाखवली. ज्ञानूच्या कोटाकडे, मग मोज्यांकडे, मग मोज्यावरच्या अंगठीकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"हा काय काम करतो?"

ज्ञानूनं तोंड उघडलं, पण आबा आधी बोलले. "काम? आवं, काम कराया घरात गडीमाणसं हायती. पोरगं लय लाडात वाढलंय. उनाची तिरीप लागू दिली न्हाई त्येला."

हे वाक्य गिळावं असं मला फार वाटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. शब्दाला शब्द लावून मी सांगितलं. ज्ञानू माझ्याकडे असा बघत होता की मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"जमीन किती?"

"तीस एकर. समदी बागायत. दोन हिरी."

"गूळ करता येतो ना याला?"

"आमच्यात गूळ करत न्हाईत सायेब, खात्यात."

"मग आफ्रिकेला कशाला जायचंय?"

"हौस!" आबा म्हणाले. "पोराला जग बघायचंय."

साहेबानं पेनाला टोपण लावलं. मला शांतपणे म्हणाला, "यांना सांगा, परवाना कामगाराला मिळतो. अशी पैसेवाली माणसं कामाचं नाव सांगून जातात आणि तिथं दुकान थाटतात. तसा परवाना मी देत नाही. पुढच्या माणसाला पाठवा."

मी सांगितलं. आबांनी मान हलवली आणि उठायला लागले. ज्ञानू उठला नाही. हा पोरगा आबांपुढं कधी मोठ्यानं शिंकला नव्हता, आणि आता त्याचे कान लाल झाले होते.

"थांबा सायेब," तो म्हणाला. "आबा, तुमी खाली बसा."

आबा बसले. ज्ञानूनं अंगठी काढली आणि टेबलावर ठेवली. "ही भाऊसो पाटलाची." कोट काढला. "ह्यो सुभेदाराचा." आत बंडीला दोन भोकं होती. घड्याळ काढलं. "हे ह्या मास्तरांचं." साहेबानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मग ज्ञानूनं हातमोजे ओढून काढले आणि दोन्ही हात साहेबापुढं पसरले.

"हे तेवढं माझं हायती."

साहेब खुर्चीतून पुढं वाकला. ती पांढरी बोटं बघून त्यानं विचारलं, "हे कशानं झालं?"

मग ज्ञानू बोलू लागला. चुलवाणाला जाळ कसा घालायचा, मळी कधी काढायची, पाकाचा बुडबुडा मोठा होऊन संथ फुटायला लागला की थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी कशी वळायची, ती काठावर आपटून आवाज कसा ऐकायचा. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. माझ्या इंग्रजीची मात्र दमछाक झाली. मळीला मी काय म्हटलं ते आता आठवतसुद्धा नाही.

"उष्णता मोजायची काचेची नळी मिळते की," साहेब म्हणाला. "ती का वापरत नाहीस?"

"नळी फुटती सायेब. बोट न्हाई फुटत."

मी हे सांगितलं आणि साहेब मोठ्यानं हसला. पेनाचं टोपण निघालं. "जमीन खरी किती?"

"तीस गुंठं. त्यात निम्मा खडक."

"आणि विहिरी?"

"हाय एक. शेजाऱ्याची."

"परत येणार का?"

"तीन वर्सानं येनारच. काहील घ्यायचीया मला."

शिक्का उमटला. त्या खोलीत उडी मारणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी मारली नाही. आबा मात्र जमिनीकडे बघत बसून होते.

बाहेर आल्यावर मोहिद्दीननं ज्ञानूला उचलून गरागरा फिरवलं आणि दोघं कोट, मोजे सांभाळत चहाच्या दुकानाकडे पळाले. आबा व्हरांड्याच्या पायरीवर बसले. माझ्या मनात राग साठला होता, तो मी तिथंच काढला. म्हटलं, "आबा, थोडक्यात वाचला तुमचा पुतण्या! तुमच्या जिभेला काही हाड? तो साहेब आहे, पोरीचा बाप नाही. तो निम्मं वजा करत नाही, सगळं खरं धरतो!"

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, पोरगं काम करत न्हाई, आसं मी कुठल्या पोरीच्या बापाला कवा सांगितलंय का?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"चाळीस वर्सं स्थळं जुळवली. कशानं मोडत्यात त्ये मला कळत नसंल व्हय? घरातनं निघालो तवा जुळवायच्याच मनानं निघालो हुतो. मोहिद्दीन बोलला, सायबाला राबनारा पायजे, आनि माजं मन फिरलं. वाटलं, चार शब्दांत मोडतंय, आनि पोरगं घरात ऱ्हातंय." त्यांनी फेट्याचा शेव डोळ्यांना लावला. "त्येला सोडून मी एक दिस जेवलो न्हाई, मास्तर. तीन वर्सं म्हनतोय. मी सत्तरीला आलो. कुनी बघितलीत तीन वर्सं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटलं, आणि म्हाताऱ्याला इतका वेळ बोललो याची लाजही वाटली.

आबाच उठले. "चला, सायबाकडं एक राह्यलंय."

साहेब चहा पीत होता. आम्हाला परत आलेलं बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. आबा टेबलासमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि आयुष्यभर पोरींच्या बापांच्या तोंडून ऐकलेलं, पण स्वतः कधीच न म्हटलेलं वाक्य म्हटलं. "सायेब, लेकरू तुमच्या पदरात टाकलंय. चुकलंमाकलं पोटात घाला."

मी त्यातल्या त्यात जमलं तसं सांगितलं. साहेब म्हणाला, "यांचा काहीतरी गैरसमज झालाय. मी फक्त शिक्का मारतो. पुढं त्या माणसाचं काय होतं ते माझ्याकडे नाही. आणि पुढच्या महिन्यात माझी बदली आहे."

आबा हात जोडूनच माझ्या तोंडाकडे बघत होते.

"साहेब म्हणतायत," मी म्हणालो, "तुमचा मुलगा तो माझा मुलगा. मी स्वतः लक्ष ठेवीन. तीन वर्षं भरली की पहिल्या बोटीत बसवून देईन."

आबांचा चेहरा उजळला. "तिकडं भाकरी मिळंल का, इचारा."

आता माघार नव्हती. मी साहेबाला इंग्रजीत विचारलं, "महाबळेश्वर कसं वाटलं आपल्याला?"

साहेब एकदम खुलला. तिथली हवा, सकाळचं धुकं, घोड्यावरची रपेट, कड्यावर उभं राहिलं की खाली दिसणारं खोरं, असं तो हातवारे करत सांगत सुटला. मधेमधे थांबून माझ्याकडे बघायचा, तेव्हा मी आबांकडे वळून सांगत होतो, की तिकडं जोंधळा इथल्यासारखाच पिकतो, भाकरी रोज मिळते, आठवड्यातून एकदा दहीभात असतो, आजारी पडलं तर डॉक्टर घरी येतो, आणि पत्र आठ दिवसांत पोचतं.

आबा मान डोलावत, एकेका गोष्टीला "व्हय, व्हय" म्हणत ऐकत होते.

"लय जीव लावनारा मानूस दिसतोय," शेवटी ते मला हळूच म्हणाले. "बोलू द्या त्येला. मधी तोडू नगा."