अम्पटीन वेळा

मेथीच्या जुड्या मोजताना पहिल्या जुडीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही देवानंदच्या घरची रीत. लाभ, दोन, तीन, चार. त्याचा बाप चंद्रभान तसंच मोजायचा, आणि पातूरच्या बाजारात बसणारे जुने माळी अजूनही तसंच मोजतात. बायको शकुन जाऊन बावीस दिवस झाले, तरी माल लावताना देवानंदच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो हाच. जीभ आपली सवयीनं बोलायची, आत काही हलायचं नाही.

लोक म्हणत, रडला नाही गडी. शेजारचे नत्थुजी रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत, आपल्या हातात काय असते बाप्पा, वेळ आली होती, असं म्हणत आणि चहा पिऊन जात. देवानंद मान हलवायचा. वाढलं ते खायचा. भाजीत मीठ नसलं तरी त्याला कळायचं नाही. स्वयंपाक करणारी गीतांजली, त्याची दहावीतली पोर, मीठ विसरली तर तिला तरी कोण बोलणार होतं?

शकुन गेली ती विहिरीवर. सकाळी मोटार लावायला गेली, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत दवानं ओलं होतं. स्टार्टरच्या पेटीपासून मोटारीपर्यंत जाणाऱ्या वायरला मध्ये एक जोड होता आणि त्याच्यावर गुंडाळलेली प्लास्टिकची पन्नी निघून गेली होती. त्यावर पाय पडला. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, वायर खराब आहे हे माहीत होतं का? देवानंद म्हणाला, नाही. तेराव्याला शकुनच्या धाकट्या भावानं, अमरावतीच्या विपुलनं, तेच दोनदा विचारलं. देवानंद दोन्ही वेळा नाहीच म्हणाला.

माहीत होतं, चांगलं माहीत होतं. शकुननं सांगितलं होतं, आणि ते काही एकदा नाही. हा बुवा दर वेळी 'उद्या' म्हणाला. आळशी म्हणावं तर तसाही नव्हता, भल्या पहाटे उठून अकोल्याला माल पोचवणारा माणूस. पण मोटार चालू आहे ना, मग कशाला हात लावा, असा एकेकाचा स्वभाव असतो. तेरावं झाल्यावर त्यानं पातूरहून नवीन वायर आणली आणि बदलून टाकली. अर्धा तास लागला. मग ऊन उतरेपर्यंत तो तिथंच धुऱ्यावर बसून राहिला.

आता उद्या, रविवारी, विपुल येणार होता. पोरीला अमरावतीला नेतो, पुढचं तिथं शिकू द्या, असं तो फोनवर म्हणाला होता. तुम्ही नाही म्हटलं तर नेत नाही, असंही म्हणाला होता. हा त्याचा भलेपणा. पण वायरचं समजलं तर तो विचारत बसणार नाही, भाचीला घेऊन जाईल आणि पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, हे देवानंदला पक्कं ठाऊक होतं. त्याचं म्हणून घरात आता ही पोरच उरली होती. तिच्या जाण्याची भीतीसुद्धा लांबच्या वावरातून कोणी हाक मारावी तशी त्याच्यापर्यंत यायची. पण यायची.

शनिवारी दुपारी बापलेक अंगणात मेथी बांधत बसले होते. ती बांधायची, तो रचायचा. मध्येच तिनं हात पुसले आणि इंग्रजीची वही आणून त्याच्यापुढं धरली. सोमवारी द्यायची होती, पालकाची सही पाहिजे होती. आजवर सही शकुन करायची. बाई सातवी शिकलेली, पण पोरीकडून एकेक वाक्य मराठीत वदवून घेतल्याशिवाय पेन हातात धरायची नाही. मागच्या पानावर तिची सही होती, गोल गोल अक्षरांत, पूर्ण नावाची.

"मले बी वाचून दाखव," देवानंद म्हणाला. का म्हणाला, त्याचं त्यालाच माहीत नाही.

सरांनी दहा शब्द दिले होते आणि घरातलीच वाक्यं करा म्हणून सांगितलं होतं. गीतांजलीनं गाईचं वाचलं, मेथीचं वाचलं, मामाच्या घराचं वाचलं. आठ झाली, नववं सोडून ती दहाव्यावर गेली. देवानंदचं इंग्रजी बेताचंच, पण सुटलेल्या ओळीत मदर, फादर आणि वायर एवढं त्याला लागलं. मधला एक लांबलचक शब्द मात्र अडला. त्यानं त्यावर मातीनं भरलेलं बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे?

तिनं वही आपल्याकडं ओढून घेतली. मग वर्गात उत्तर देतात तशी सरळ आवाजात सांगू लागली. अम्पटीन. थर्टीन, फोर्टीनच्या घरातला दिसतो, पण आकडा नाही, तो कशाच्या नंतर येतो हे विचारायचं नसतं. गंज वेळा, म्हणजे पुष्कळ वेळा झालं की म्हणायचं. सर म्हणतात, हा बोलण्यातला शब्द आहे, अर्जात लिहायचा नाही. सांगून सांगून माणूस थकला की त्याच्या तोंडी येतो.

"आईनं तुमाले अम्पटीन वेळा सांगतलं, वायर बदला म्हून," ती वहीकडं पाहत म्हणाली. "म्हंजे कोणी मोजलंच नाही, इतक्या वेळा."

म्हणजे पोरीला माहीत होतं. बावीस दिवस माहीत होतं, आणि मामाजवळही तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"मोजलं," देवानंद म्हणाला.

या बावीस दिवसांत त्यानं दुसरं केलंच काय होतं? त्यानं ढिगातली एक जुडी उचलली आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवली. लाभ, जीभ बोलून गेली. आणि तो थबकला. शकुनचं पहिलं सांगणं, आणि त्याला लाभ! स्वतःच्या तोंडाची त्याला किळस आली. ती गेल्यापासून त्याला पहिल्यांदा काही वाटलं असेल तर ते हे.

"एक," तो म्हणाला. उभ्या जन्मात त्यानं जुडीला एक म्हटलं नव्हतं. एक, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, विहिरीवरच. दोन, महालक्ष्म्यांच्या धांदलीत, हात पुरणात असताना. दसऱ्याला पेटीची पूजा करताना म्हणाली होती, फुलं कशाला वाहता, आधी वायर बदला. भाऊबीजेला विपुलकडं निघाली तेव्हा पातूरच्या स्टँडवर गाडीच्या पायरीवरून मागं वळून म्हणाली होती. जुडीमागं जुडी लागत गेली. नववी ठेवताना त्यानं सांगितलं, ही आदल्या रात्रीची, ताट वाढतानाची. नऊच होत्या. तो शब्द खोडून तिथं नऊ लिही, असं त्यानं पोरीला सांगितलं.

गीतांजलीनं पेन उचललं नाही. मांडीवरची जुडी तिनं रांगेच्या शेवटी ठेवली.

"दहा," ती म्हणाली. "तुमी अकोल्याले गेले होते. आई मले म्हणे, बाबा आले का वायरचं सांगजो. दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी विसरली. हे माहं हाये, बाबा."

देवानंदनं तिच्याकडं पाहिलं. पोरीचे गाल आत गेले होते, ओठांवर सालपटं निघाली होती. बावीस दिवस ही समोर बसून जुड्या बांधत होती, आणि आपण तिच्याकडं पाहिलंच नाही, याची त्याला लाज वाटली. त्यानं ती दहावी जुडी उचलली आणि आपल्या गुडघ्याजवळ ठेवली.

"हे बी माहंच," तो म्हणाला. "तू सांगतलं असतं, तरी मी उद्याच म्हटलं असतं."

मग ती रडली. तो नाही रडला, त्याला अजून जमत नव्हतं. ती शांत होईपर्यंत तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. नंतर तिनं शब्द खोडला, वर टेन लिहिलं, आणि त्यानं खाली पूर्ण नावाची सही केली. त्या दहा जुड्या त्या दिवशी टोपल्यात गेल्या नाहीत.

रविवारी सकाळी विपुल आला. गीतांजली चहा ठेवायला आत गेली. चहा व्हायच्या आधी देवानंदनं ती वही त्या पानावर उघडून विपुलच्या हातात दिली.