दहावा माणूस पुलाशी

मोशे यांना जाऊन वर्ष झालं. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, निवृत्तीनंतर त्यांनी आंब्याची बाग लावली होती. वर्षाची प्रार्थना तिथेच व्हावी, असं शेवटच्या आजारात त्यांनी आदिनाला, आपल्या मुलीला, सांगितलं होतं. काद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची ही प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. पनवेलमध्ये बेने इस्रायली ज्यूंची घरं आता उरलीत ती किती! आदिनाने फोन करकरून ठाणे-अलिबागहून माणसं जमवली होती.

नऊजण बागेतल्या घराच्या पडवीत बसून होते. दहावे इनॉककाका, मोशेंचे धाकटे भाऊ. आदिनाला भाऊ नव्हता, म्हणून काद्दिश त्यांनीच म्हणायचं होतं. आणि त्यांचीच गाडी ओढ्यावरच्या पुलाशी अडकली होती. श्रावणातला रविवार, सगळी मुंबई धबधब्याला लोटलेली.

"तसूभर हलत नाही गं गाडी," काका फोनवर म्हणाले. "आणि या गुडघ्यांनी मी बागेपर्यंत चढणार कसा?"

सूर्य मावळला की तिथी टळणार. आदिना तडक पुलाकडे निघाली.

पुलाशी रंभाचं जेवणाचं छप्पर होतं. निळी ताडपत्री, चार बाकडी, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या. मागच्या खाचरात पूर्वी भात लावायचे. आता तिथे गाड्या लागत. आदिनाला हे सगळं कधी आवडलं नव्हतं. बाबांची शांतता या लोकांनी विकून खाल्ली, असंच तिला वाटे.

साडीवर रेनकोट चढवून रंभा रस्त्याच्या मधोमध उभी होती. "अवो दादा, गाडी हाय का हत्ती? मागं घ्या, नायतर ओढ्यात धुऊन निघाल!"

आदिनाने अडचण सांगितली. रंभाने रांगेवरून नजर फिरवली.

"दिवस बुडेस्तोवर नाय निघायची ही गाडी. ताई, दहा माणसं लागतात ना? मग नऊ इथं आणा. काकांना माझ्या छपरापर्यंत चार पावलं येववंल."

"पण बाबांना बागेत हवं होतं."

"बाबा रविवारी बागेत असायचे कवा? इथं बसायचे, त्या कडेच्या बाकड्यावर. ही गाडी पुण्याची आली, ती वसईची आली, बघत राहायचे. म्हणायचे, रंभे, माझी माणसं जगभर पांगली, मी एकटाच नाय गेलो. आता जगच इथं येतंय."

दर रविवारी फोनवर बाबा म्हणायचे, 'आज फार गर्दी होती.' आदिनाने ती तक्रार समजून त्यांची समजूत घातली होती. मग तिने पडवीत फोन लावला.

छत्र्या धरून, टोप्या सावरत नऊजण गाड्यांच्या कडेने उतरून आले. तोवर रंभाने छप्पर मोकळं केलं होतं.

"उठा बाळांनो, ताटं घेऊन त्या टोकाला व्हा. इथं वर्षाची प्रार्थना हाय."

"मावशी, किती वेळ?"

"तुझी गाडी निघंल त्याच्या आधी होईल!"

पोरं हसली आणि उठली. एका गाडीत गाणं दणदणत होतं. रंभाने खिडकीतून हात घातला आणि ते बंद केलं. कोंबडीचं पातेलं तिने स्वतःच उचलून मागे नेलं. धर्मरीतीने कापलेलं नसे म्हणून बाबा इथलं मटण-कोंबडी शिवत नसत, हे रंभाला ठाऊक होतं. आदिनाला ते सुचलंही नव्हतं.

दोघांनी धरून काकांना आणलं. दहाजण प्रार्थनेच्या रीतीप्रमाणे पश्चिमेला तोंड करून उभे राहिले. समोर गाड्यांची रांग होती, आणि तिच्यामागे डोंगराआड न गेलेला थोडा उजेड.

काकांचा आवाज पहिल्या शब्दाला फाटला, मग सावरला. आदिना बाकड्याची कड घट्ट धरून आमेन म्हणाली. ताटं हातात घेतलेली पोरं माना खाली घालून उभी होती.

प्रार्थना अर्ध्यावर आली आणि पुढचा रस्ता सुटला. इंजिनं सुरू झाली. काकांच्या गाडीमागच्या कुणीतरी हॉर्नवर हात ठेवला. आदिनाने दचकून पाहिलं. रंभा दोन्ही हात पसरून पहिल्या गाडीच्या पुढ्यात उभी होती. तिच्यामागे रस्ता मोकळा पडला होता. काकांचं शेवटचं आमेन होईपर्यंत तिने एकही चाक हलू दिलं नाही.