स्क्रमबाहेर

इंद्रजित सरपोतदार एडिनबऱ्यातल्या डॉक्टर सुनेत्राबाईंचा मुलगा. त्यानं आईच्या मागोमाग हॉस्पिटल गाठावं, ही सगळ्या गोताची इच्छा. त्यानं गाठलं रग्बीचं मैदान. गेली कित्येक वर्षं तो उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबचा प्रॉप होता. दोन्हीकडचे आठ-आठ गडी माना खाली घालून भिडतात तो स्क्रम, आणि त्याच्या पहिल्या रांगेत भार सोसायचा तो प्रॉपनं. त्यात कौतुक कमी आणि मानदुखी जास्त.

सेमीफायनलमध्ये त्याच्या शेजारचा, पहिल्या रांगेच्या मधोमध उभा राहणारा हूकर, कॅलम, कुणाच्या तरी गुडघ्यावर डोकं आपटून पडला. क्लबच्या डॉक्टरांनी त्याला आत नेलं, तपासलं आणि थोड्याच वेळात परत पाठवलं. पुढच्या स्क्रमला त्यानं इंद्रजितच्या खांद्यावर हात टाकला आणि हळूच विचारलं, "इंदर, आज आपण कुणाशी खेळतोय?"

इंद्रजितला आधी थट्टाच वाटली. मग त्यानं कॅलमच्या डोळ्यांत पाहिलं. नजर ठरत नव्हती. त्यानं सरळ कॅलमचा हात खांद्यावरून काढला, रांगेतून बाहेर आला आणि रेफरीला सांगितलं, हा गडी खेळण्याच्या अवस्थेत नाही. रेफरीनं कॅलमला बाहेर काढलं. बदली हूकर नवखा होता. मॅच हातची गेली.

ड्रेसिंग रूममध्ये कोच त्याच्या अंगावर धावून आले. तू डॉक्टर आहेस का, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. डॉक्टर मुकाट्यानं बॅग आवरत होते. इंद्रजितचं डोकं फिरलं. त्यानं ती बॅग उचलली आणि बर्फाच्या टबात फेकून दिली.

बॅग फेकली म्हणून बेशिस्तीचा ठपका आला आणि नवा करार झाला नाही. ते त्यानं गिळलं असतं. पण कॅलमनं फोन करून सुनावलं, "माझी फायनल तू घालवलीस," ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. सुनेत्राबाईंनी त्याच्याच मानेची चौकशी केली, तर तो त्यांच्यावरही खेकसला.

उन्हाळ्यात तो न कळवताच कॅलमच्या घरी गेला. भर दुपारी पडदे ओढलेले होते. कॅलमला उजेड सोसत नव्हता, टीव्ही सोसत नव्हता, पोरीचं रडणंही सोसत नव्हतं. इंद्रजित खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला.

मग कॅलम म्हणाला, "त्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं होतं, मला दोन-दोन दिसतंय म्हणून. ते म्हणाले, अजून थोडाच वेळ तर आहे."

इंद्रजितची कानशिलं तापली. इतके दिवस त्याला वाटत होतं, डॉक्टरांची नजर चुकली असेल. चुकली नव्हती. त्यांना माहीत होतं.

"हे रग्बी संघटनेला सांगशील? ते चौकशी लावतील."

"परत कुठलाच क्लब आपल्याला दारात उभं करणार नाही."

"नको करू दे."

कॅलमनं डोळ्यांवर गॉगल चढवला आणि फोन इंद्रजितपुढे सरकवला. त्याला स्वतःला आकडे नीट दिसत नव्हते. संघटनेचा नंबर इंद्रजितनं लावला. रिंग वाजताच त्यानं फोन कॅलमच्या हातात दिला.